निकम काकूंनी जमवलेला शेजार

निकम काकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या. तहान असो वा नसो. पाणी मागायचं आणि कोण उठतं ते बघायचं, ही त्यांची रीत. सून उठली तर ठीक. सासू उठली तर सून कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा. आणि लग्नाचा मुलगा स्वतः उठला, तर मग काकू त्या घराबद्दल पुढे काहीच विचारत नसत. बाहेर पडल्या पडल्या मुलीकडच्यांना फोन लावत, "बिनधास्त द्या." आमच्या कॉलनीत, चांदवडला त्यांच्या माहेरी आणि येवल्याला त्यांच्या मुलीच्या सासरी असे कितीतरी संसार आहेत, ज्यांची सुरुवात एका ग्लासभर पाण्यापासून झाली.

नाशिक रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर राहायच्या आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. दिवसभर घरात असते आणि कमी बोलते, या दोन्ही गोष्टी काकूंच्या सोयीच्या होत्या. मुलामुलींचे बायोडेटा टाइप करायला त्या मला खाली बोलवत. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे मराठी टाइप करताना मी फार अडखळायचे. 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे, काढून टाक. नाहीतरी खोटंच असतं ते."

माझ्याबद्दलही त्यांचं मत तयार होतं. माझी आई एकदा त्यांना म्हणाली, "हिच्यासाठी जरा बोलका मुलगा बघा, म्हणजे ही उघडेल." काकूंनी मान हलवली. "बोलका आणला तर ही अजून मिटेल. हिला गप्प माणूस लागेल. दोघं गप्प बसतील आणि सुखात राहतील." मी मोबाइलमध्ये बघत असल्याचं दाखवलं, पण मला ते पटलं होतं. मला कुणी इतकं ओळखलेलं फारसं आवडत नाही. त्यांचं आवडलं.

"माणूस वाईट नसतंय," असं त्या नेहमी म्हणायच्या. "शेजार चुकतो." भांडखोर सून, दारुडा दीर, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांना त्या हाच नियम लावायच्या. आणि त्याला जोडून दुसरा नियम म्हणजे एकटं कुणी राहू नये. एकटा माणूस दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. रिक्षात एकटा बसलेला माणूस, मंदिराबाहेर राहिलेली एकच चप्पल, गॅलरीत येणारं एकटं कबुतर. "याची जोडी कुठंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा.

निकम काका अगदी उलट. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, मोजकं बोलणारे. त्यांना माशांचा नाद होता. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी मोठा फिश टँक होता आणि टीव्ही बेडरूममध्ये, यावरून घरात कुणाचं काय चालायचं हे कळावं. वर्षातून एकदोनदा ते मुंबईला पाळीव माशांच्या बाजारात जाऊन यायचे. अशाच एका फेरीत ते पाण्याच्या पिशवीतून एक विचित्र प्राणी घेऊन आले.

तो हातभर लांब होता, पावसाळी ढगाच्या रंगाचा, ओल्या रबरासारखा गुळगुळीत. पाय नाहीत, पर नाहीत, खवले नाहीत. डोळे म्हणजे कातडीखाली अडकलेले दोन ठिपके, नावालाच. दुकानदार त्याला रबर ईल, म्हणजे रबरी वाम, म्हणाला होता. काकांनी मला टँकजवळ बोलावून सांगितलं, "हा मासा नाही. बिनपायाचा बेडूक समज. फुप्फुसं आहेत त्याला. बघ आता वर येईल." आणि खरंच तो वाळूतून निघाला, सरळ वर गेला, नाकाचं टोक पाण्याबाहेर काढून एक श्वास घेतला आणि परत खाली आला. काकांनी लॉटरीचा मोठा नंबर लागल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मी त्यांना कधीच इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मी घरी जाऊन शोधलं. याचे जमिनीत राहणारे नातेवाईक आपल्या सह्याद्रीत सापडतात आणि त्यांना मराठीत देवगांडूळ म्हणतात. हा मात्र दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, पाण्यात राहणारा. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त पहिला भाग घेतला. "देवगांडूळ? देवाच्या घरचा आहे होय." त्या दिवसापासून त्याचं नाव देवा पडलं.

देवाचं मुख्य खाणं गांडुळं. काका ती एका नर्सरीतून, गांडूळखताच्या वाफ्यातून आणत. काकूंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "नावानं गांडूळ आणि खातो गांडूळ. भावकीलाच खातोय म्हणजे. आपल्यातलाच दिसतोय."

बिल्डिंगमध्ये मात्र बातमी पसरली की निकमांनी साप पाळलाय. सेक्रेटरी खाली आले. ते दारातूनच टँककडे बघत होते, आत येईनात. काकूंनी त्यांना खुर्ची दिली.

"वहिनी, लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये."

"तो काय जिना चढून येणारे का?"

"पण साप म्हणजे..."

"साप नाही भाऊ. बेडकाचा चुलत भाऊ आहे. दिसत नाही, ऐकू येत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुमच्या मीटिंगला असा एक तरी माणूस आहे का सांगा."

सेक्रेटरी पाणी पिऊन गेले. पाणी काकांनी आणून दिलं होतं.

एवढं सगळं असूनही काकूंना देवाचं एकटेपण खुपत होतंच. येता-जाता त्या काकांना बोलायच्या, "बिचाऱ्याला एकटं कोंडून ठेवलंय." काका हसायचे. एकदा मी बायोडेटा टाइप करत असताना ते म्हणाले, "याच्याबरोबर काय ठेवायचं ते बघतोय. घाई नाही." यापलीकडे ते काही बोलले नाहीत. ते काय बघत होते, काय ठरवलं होतं, कुणालाच माहीत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकांना अर्धांगवायूचा झटका आला.

हॉस्पिटलमधून ते घरी आले तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि बोलणं संपूर्ण थांबलं होतं. डावा हात तेवढा त्यांच्या ताब्यात होता. नजर कुठे तरी लांब लागलेली असायची. काकू समोर जाऊन उभ्या राहिल्या तरी ती त्यांच्या आरपार जायची. मुलगी येवल्याहून आली, आठवडाभर राहिली, रडली, परत गेली. डॉक्टर म्हणाले, आवडीच्या गोष्टी समोर ठेवा. काकूंनी खुर्ची टँकसमोर लावली.

आणि तिथे काहीतरी झालं. देवा श्वास घ्यायला वर निघाला की काकांची नजर त्याच्याबरोबर वर जायची, तो खाली आला की खाली. मी स्वतः बघितलंय. बाकी सगळं विझलेलं आणि तेवढीच एक हालचाल. काकू दिवसातून कितीदा तरी बघायच्या आणि प्रत्येक वेळी मला नव्यानं सांगायच्या, "बघ, बघ, गेली नजर." मग एकदा हळूच म्हणाल्या, "माझ्याकडं नाही बघत गं. त्याच्याकडं बघतात. पण बघतात तर."

तेव्हापासून देवाला जगवणं हे घरातलं सगळ्यात मोठं काम झालं. काका नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग टँकमध्ये घालत. काकूंनी ते रोज बघितलेलं होतं, तसंच त्या करू लागल्या. गांडुळं निवडू लागल्या. पण काकांचं ते अर्धं राहिलेलं वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. याच्याबरोबर काय ठेवायचं ते बघतोय. नवऱ्यानं हातात घेतलेलं, अर्ध्यावर राहिलेलं स्थळ त्यांना पूर्ण करायचं होतं. त्यांना तेच एक काम नीट येत होतं.

पहिल्यांदा त्यांनी गोल्डफिशची जोडी आणली. लठ्ठ, भगवे, सदा तोंड उघडं. "घरात जरा रंग हवा," त्या म्हणाल्या. मी वाचलं होतं की गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि देवाला कोमट, शिवाय गोल्डफिश खादाड असतात. झालंही तसंच. गांडूळ वाळूवर पडायच्या आत दोघे त्याचा फडशा पाडायचे. देवाला डोळ्यांनी दिसत नाही, तो वासानं शोधतो, सावकाश. तो वाळू हुंगत यायचा तोवर पंगत उठलेली असायची. मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, स्वयंपाकघरातून लांब चिमटा आणला आणि देवाच्या अगदी नाकाशी गांडूळ धरायला लागल्या. "आग्रह करून वाढावं लागतं काही माणसांना," त्या म्हणाल्या. चिमट्यातून त्यानं ते घेतलं तेव्हा काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गोल्डफिश शेवटी आजारी पडून गेले. मग आले काळ्या पट्ट्यांचे चपळ मासे, सात-आठ. ते देवाला सारखे टोचून पळायचे. देवा टँकमधल्या पाइपाच्या तुकड्यात लपून बसायचा आणि श्वासाला सुद्धा घाबरत बाहेर यायचा.

इथे काकांचा डावा हात सुरू झाला. ते खुर्चीच्या हातावर थापट्या मारायचे. आधी एखाददुसरी, मग सारख्या. काकू त्या थापट्यांचा अर्थ लावायच्या. "बघ, मासे आवडले त्यांना." किंवा, "भूक लागलीय त्यांना." किंवा, "तू आलीस ते कळलं त्यांना." लग्नाच्या बैठकीत मुलाच्या बापानं नुसता कप बशीत ठेवला तरी तो होकार की नकार हे त्या ओळखायच्या. नवऱ्याचा हात तर त्यांच्या चाळीस वर्षांच्या ओळखीचा. व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा खूश झाला होता. म्हणाला, "हालचाल वाढली काकू. छान प्रोग्रेस आहे." काकूंनी त्याला शिरा खाऊ घातला.

मला त्या थापट्या आनंदाच्या वाटत नव्हत्या. मी तसं म्हणालेही. "काकू, मला वाटतं काका चिडतायत."

"ते? चिडले की उठून गॅलरीत जायचे ते. जन्मात कधी हात आपटला नाही त्यांनी."

आता त्यांना उठून गॅलरीत जाता येत नव्हतं हे काकूंना माहीत होतंच. पण माहीत असणं वेगळं.

पट्टेवाले मासे त्यांनी दुकानात परत दिले, ते माझ्या सांगण्यावरून नाही. देवा बाहेर येईनासा झाला तशी काकांची नजर परत हरवायला लागली म्हणून. मग दुकानदारानं त्यांना सकर दिला. टँकची काच चाटून साफ ठेवतो तो काळपट, खडबडीत, काचेला तोंडानं चिकटून बसणारा मासा. काकू त्याच्यावर पहिल्या भेटीतच फिदा झाल्या.

"अबोल आहे. खाण्यापिण्याची तक्रार नाही. सगळं घर पुसून काढतो. असा जावई मिळाला तर पोरीकडच्यांनी पाय धुवावेत त्याचे."

त्याच दिवशी मी मोबाइल घेऊन खाली गेले. वाचून दाखवलं की या प्राण्याची कातडी फार नाजूक असते, तो कातडीतूनही श्वास घेतो, आणि सकर अशा सावकाश प्राण्याच्या अंगाला चिकटून वरचा थर खरवडतो. काकूंनी टँककडे बोट दाखवलं. सकर काचेच्या एका कोपऱ्यात चिकटला होता, देवा दुसऱ्या कोपऱ्यात.

"तू वाचतेस बाई. मी डोळ्यांनी बघते. कुठं काय करतोय तो?"

तेव्हा तो खरंच काही करत नव्हता. त्या प्राण्यांची वेळ आपल्या वेळेशी जुळत नाही, ते रात्री हिंडतात. आमचं लक्ष नसताना काय व्हायचं ते काकांनी बघितलं असेल. त्यांची झोप उडालेली होती आणि रात्रीही ते बहुतेक त्या खुर्चीतच असत.

मग देवाच्या पाठीवर पांढरे डाग आले. आधी एक, बोटाच्या टोकाएवढा. मग आणखी. काकांच्या थापट्या वाढल्या. खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन फाटलं. काकूंनी तिथे जुना टॉवेल गुंडाळला, हाताला लागू नये म्हणून. त्या दुकानात गेल्या. दुकानदार माशांचाच विचार करणारा माणूस, त्यानं माशांना सांगतात तेच सांगितलं. मूठभर खडेमीठ घाला, जखमा भरतात. काकूंना ते लगेच पटलं. मिठानं कुणाचं वाईट झालंय. त्यांनी ते टँकमध्ये घातलं.

मला हे नंतर कळलं. मी वर काम करत होते, दुपारचं जेवण व्हायचं होतं. खालून काकूंची हाक आली. नुसती हाक नाही. आवाज फुटलेला, हसू आणि रडू एकत्र.

"रेवाऽ! खाली ये. ये लवकर. काका बोलले."

मी तशीच धावले. दार सताड उघडं. काकूंचे हात पिठाचे, तव्यावरची भाकरी जळल्याचा वास, आणि त्या मोबाइल स्पीकरवर ठेवून काकांच्या तोंडासमोर धरून उभ्या. पलीकडे येवल्याहून मुलगी.

"ऐक, तुझ्या बापाचा आवाज ऐक. अहो, बोला. शोभा आहे. बोला ना."

"आ," काका म्हणाले. "आ. आऽ."

खरंच आवाज होता. इतक्या महिन्यांनी. घशातून ओढून काढलेला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या, डावा हात टॉवेलवर आपटत होता. फोनमधून मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता. "आई, नाव घ्यायला लाव ना माझं. शोभा म्हणायला लाव." काकू वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, इतक्या जवळून की मध्ये जागाच नव्हती. त्यांच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. मी त्यांना इतक्या आनंदात कधी बघितलं नव्हतं, त्यांनी जमवलेल्या कुठल्याही लग्नात नाही.

काका काकूंकडे बघत नव्हते. फोनकडेही नाही. त्यांची नजर काकूंच्या खांद्याच्या बाजूनं खाली, फरशीवर होती.

मी तिकडे बघितलं. टँकशेजारी खडेमिठाची फोडलेली पिशवी होती. टँकच्या झाकणाला मागे एक भोक होतं, वायर जायची तिथे. त्याच्याखाली स्टँडवरून एक ओली रेघ उतरली होती. फरशीवरून ती दिवाणाकडे गेली होती आणि अर्धी वाळलेली होती.

मी गुडघ्यावर बसले. दिवाणाखाली भिंतीशी तो होता. अंगभर धूळ, केसांचे गुंते, चपलेवरची माती. हलत नव्हता. मी त्याला हात लावला नव्हता कधी. दोन्ही हातांनी ओढून काढलं तेव्हा तो चिकट लागला, सुकत आलेल्या डिंकासारखा. मग शेपटाकडचा भाग माझ्या मनगटावर जरासा वळला.

"काकू, पाण्याची बादली कुठंय? बिनमिठाची."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग काकांकडे. काकांचा आवाज थांबला होता. त्यांचा श्वास जोरजोरात चालला होता आणि नजर माझ्या हातांवर होती.

मोबाइल अजून काकूंच्या हातात होता. "आई, परत एकदा बोलायला लाव ना," मुलगी म्हणत होती. "आई? आहेस ना?"

काकूंनी फोन बंद केला नाही. तसाच टेबलावर पालथा ठेवला आणि बाथरूममधून बादली ओढत आणली.

 आम्ही देवाला स्वच्छ पाण्यात सोडलं, धूळ सुटली, तो एकदा वर येऊन श्वास घेऊन गेला. काकू बादलीशेजारी फरशीवर बसल्या होत्या. मग बोलल्या त्या एकदम चांदवडच्या होऊन बोलल्या, चाळीस वर्षांचं नाशिक रोड गळून पडल्यासारखं.

"मला हाका मारत व्हते गं ते. तो मरायला लागला म्हणून. आन मी फोन लावत बसले. लय आनंद झाला ना मला."

"तुम्हाला कसं कळणार काकू?"

"नाय. मला त्यांचं काहीच कळत नाय. आधी तरी कुठं कळत व्हतं? ते बोलायचे नाहीत आन मी ठरवायची, ते काय म्हणतात ते."

मी बादलीतले केस वेचत राहिले. सांत्वन करणं मला जमत नाही, आणि खोटं बोलले असते तर त्यांनी ते ओळखलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकर दुकानात परत गेला. काकूंनी टँक रिकामा करून घेतला, वाळू धुतली, झाकणाचं भोक फडक्यानं बंद करून वरून टेप लावली. मग मला शेजारी बसवलं. "आता वाच. पहिल्यापासून. मी मधे बोलत नाही." मी इंग्रजीतून वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. मीठ नको. तांब्याचा अंश असलेली औषधं नकोत. फिल्टरच्या तोंडाला स्पंज हवा, नाहीतर तो आत ओढला जातो. वर श्वासापुरती मोकळी जागा. सोबतीला चावरे मासे नकोत, चिकटणारे नकोत, त्याच्या आधी अन्नापर्यंत पोचणारे नकोत. गप्पीसारखे लहान, शांत मासे चालतात. आणि कुणीच नसलं तरी त्याचं काही अडत नाही.

या शेवटच्या वाक्याला काकूंनी हात वर करून मला थांबवलं.

"काही अडत नाही म्हणजे?"

"एकटा राहू शकतो."

"त्याला वाईट नाही वाटत?"

"तसं काही लिहिलेलं नाही काकू."

त्यांनी पदरानं टँकची काच पुसली. मी विचारलं, "गप्पी आणायचे का?" त्यांनी मान हलवली. "आता कुणाला आणायचं नाही."

तेव्हा लग्नसराई सुरू होत होती. फोन यायचे. एकदा माझ्यासमोर कुणाच्या तरी आईनं एका मुलाबद्दल विचारलं, घर कसं आहे, माणसं कशी आहेत. काकू म्हणाल्या, "मी जाऊन आले तिथं. पाणी पण प्यायले. पण मला नाही सांगता येणार ताई. तुम्ही जाऊन बघा." पलीकडच्या बाईंना तो नकार वाटला असावा. तो नकार नव्हता.

देवाचे डाग भरले नाहीत. कातडी जिथे गेली होती तिथे कापसासारखं काहीतरी धरलं. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही फोटो घेऊन गेलो. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कुत्री, मांजरं, गाई यापलीकडे आपलं ज्ञान नाही. मी इंटरनेटवर परदेशातल्या लोकांना विचारलं. त्यांनी आपुलकीनं उत्तरं दिली, पण त्या औषधांची नावं नाशिकमधल्या एकाही दुकानात कुणी ऐकलेली नव्हती. काकू रोज पाणी बदलत राहिल्या. रोज चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून त्याच्या नाकाशी नेत. तो तोंड फिरवायचाही नाही. तिथेच असायचा, आणि तुकडा पाण्यात पांढरा पडायचा.

काकूंच्यात एक बदल झाला होता, तो मला विचित्र वाटायचा. त्या काकांना सगळं विचारायला लागल्या. "अहो, पंखा लावू का?" आणि मग थांबायच्या. पूर्वी त्या विचारायच्या आणि स्वतःच उत्तर देऊन पंखा लावायच्या. आता त्या हाताकडे बघत उभ्या राहायच्या. हात बहुतेक वेळा हलायचा नाही. हलला तरी त्या म्हणायच्या, "हे हो होतं की नाही, ते सांगा ना." घरात त्यामुळे फार शांतता झाली होती. वर आमच्या घरात ती ऐकू यायची.

त्यानंतर लवकरच मुलगी दोघांना येवल्याला घेऊन गेली. आता खालच्या घरात दोन नर्सिंगच्या विद्यार्थिनी राहतात. येवल्याहून कधीतरी फोन येतो, पण काकू फोनवर कमी बोलतात, आणि मी तर कमी बोलतेच. माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या येवल्याला जायच्या आधीच्या, देवा गेला त्या सकाळच्या.

त्यांनी मला हाक मारली नव्हती. दूध घेऊन येताना दार उघडं दिसलं म्हणून मी थांबले. काकू टँकजवळ उभ्या होत्या, बाही कोपरापर्यंत वर केलेली, हात ओला. ओल्या मलमलच्या तुकड्यावर तो होता. पाण्याबाहेर तो खूप लहान दिसत होता.

"मुलगी म्हणते, सांगू नको त्यांना. दगडामागं झोपलाय म्हण," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पण त्यांना माझ्याआधी कळतं सगळं."

त्या खुर्चीपाशी खाली बसल्या. काकांचा डावा हात उचलून त्यांनी मांडीवर उलटा केला, तळवा वर, आणि त्यावर देवाला ठेवलं. तो दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. काकांची बोटं हळूहळू मिटली. काकूंनी मलमलनं त्यांच्या मनगटावरचं पाणी टिपलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "मी चुकले का?"

मी दूध हातात घेऊन दारातच उभी होते.  काकू त्यांच्या हाताकडे बघत वाट बघत होत्या, घाई न करता, जणू दुपारपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती. उत्तर द्यायला काकांकडे तो एकच हात होता. त्यात देवा होता, आणि तो निसटू नये म्हणून त्यांनी हात अजिबात हलवला नाही.